काकांचं लपण

पक्ष्यांना दिसू नये म्हणून आत बसायचा आडोसा, त्याला लपण म्हणतात. आमच्या काकांनी ते बांबूच्या कामट्या आणि गोणपाटाचं केलं होतं, मिटलं की छत्रीसारखं खांद्याला अडकवण्याजोगं. तरुणपणी त्यातून त्यांनी बदकं मारली. बंदूक गेल्यावर नुसती पाहिली. हल्ली तळ्यावर झाडापानांच्या नक्षीचे महागडे तंबू येतात, ते बदकांना गावाच्या वेशीपासून दिसतात.

काका-काकू दोघं लपणात शिरत. मग काकू एकट्या बाहेर येऊन घरी जात. बदकांना माणसं मोजता येत नाहीत. कुणीतरी निघून गेलं, की सगळेच गेले असं समजून ती निर्धास्त जवळ येतात.

काकांच्या शोकसभेत तीन वक्त्यांनी पोकळी निर्माण झाल्याचं सांगितलं. काकू मागच्या खुर्चीवर होत्या. हार उरले, पण काकूंशी बोलायचं राहिलं.

हिवाळ्यात काकूंनी लपण काढलं. म्हणाल्या, "मी निघून आल्यावर तिथं काय व्हायचं, ते मला एकदा बघायचंय. तू चल माझ्याबरोबर."

आम्ही दोघं आत शिरलो. थोड्या वेळानं त्या कुजबुजल्या, "आता जा. रमतगमत नको, सरळ जा. मी कधी वळून बघितलं नाही."

बांधावर पोचल्यावर मी मात्र वळलो. बदकं गोणपाटाच्या अगदी पुढ्यात उतरली होती. आत कुणी उरलं असेल, असं वाटतच नव्हतं.