काकूंनी उपटलेली वायर
भंगाराच्या दुकानात आज जुना मोडेम दिसला आणि आधी आठवल्या त्या कोल्हापूरच्या माझ्या घरमालकीण काकू. आठवीतच शाळा सोडून मी परभणीहून तिकडं कामाला गेलो होतो. खोली काकूंच्या माडीवर आणि गावी दिलेला फोन नंबरही काकूंचाच. आई आजारी होती, म्हणून त्या सुट्टीच्या दिवशी मी सकाळपासून फोनपाशीच बसून होतो. नेमका तेव्हाच त्यांच्या मुलाच्या कॉम्प्युटरला इंटरनेट जोडायला माणूस आला. त्यानं फोनची वायर मोडेमात खोचली, तासभर खटपट केली आणि शेवटी त्या डबीतून अशी किंचाळी फुटली की काकू पिठाच्या हातांनी धावत आल्या. "काय कापताय रं?" "नेट लागतंय काकू, आता बघा की जग!" तो माणूस म्हणाला. "आन् फोन?" "ह्ये चालू असलं की फोन बंदच की." म्हणजे गेला तासभर फोन बंदच होता. काकूंनी वायर उपटलीच. "आगं आई, लागलं हुतं की!" मुलगा ओरडला. "लागू दे! ह्या पोराची आई आजारी हाय आन् तू जग बघतोस व्हय?" वायर परत फोनला लावली आणि लगेच घंटी वाजली. बाबा होते. "तासाभरापासून लागंना रे. आईला दवाखान्यात हलवलंय, तुझंच नाव घेतीय." काकूंनीच मला रिक्षात घालून स्टँडवर नेलं. दुसऱ्या दिवशी आईनं मला ओळखलं, हात धरला, संध्याकाळी गेली. आज मी परमुलखात आहे आणि काकू त्या घरात एकट्याच असतात म्हणे. त्यांचं काही दुखलं-खुपलं कळलं, तर हातातलं काम टाकून मी कोल्हापूर गाठीन, हा माझा शब्द आहे.