पट्टी सोडून पाहणं

लहानपणी सेलूजवळच्या आमच्या शेतात बाबा जंबेरीच्या रोपांवर संत्र्याची कलमं करत. रोपाच्या सालीला चीर द्यायची, तीत संत्र्याच्या फांदीवरचा कोवळा डोळा बसवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची आणि मग काही आठवडे हात लावायचा नाही. डोळा चिकटला की नाही हे पाहायला मी एकदा पाच रोपांच्या पट्ट्या सोडल्या. पाचही डोळे वाळले. बाबांनी माझा कान पिळला. "चिकटला का पाहाले सोडशीन, तं तो चिकटीन कसा?"

गेल्या वर्षी बाबांच्या कमरेच्या मणक्यांत चार स्क्रू बसवले. डॉक्टर म्हणाले, "आज हे नुसत्या आट्यांच्या जोरावर टिकलेत. पुढच्या काही महिन्यांत हाड आट्यांच्या खाचांत वाढेल आणि स्क्रूला धरून ठेवेल. तोवर वाकायचं नाही, पट्टा काढायचा नाही."

पंधराव्या दिवशी बाबा अंगणात सापडले. पट्टा खुंटीवर आणि स्वतः बादलीकडे वाकलेले! माझा पाराच चढला.

"बाबा, काय करून राह्यले?"

"काई नाई. हाडानं स्क्रू धरला का, पाहून राह्यलो."

"पाहाले सोडसान, तं तो धरीन कसा?" मी ओरडलो.

बाबा हळूहळू सरळ झाले. मिशीत हसले. मी खुंटीवरचा पट्टा आणून त्यांच्या कमरेला गुंडाळू लागलो, तसे खेकसले, "घट्ट आवळ! इतक्या वर्षांत डोळा बांधता आला नाई तुले!"