बाराव्या अध्यायातला पंच

बायकोला हे ठाऊक नाही. कुणालाच नाही. गावात मला मान आहे — भिवंडीजवळच्या कोनच्या पुढे आमचं गाव, तिथल्या गावकीच्या पाच पंचांतला मी एक — आणि त्या मानाखाली काय पुरलंय, ते आज पहिल्यांदा उकरतोय.

भिवंडीत लूम, म्हणजे यंत्रमाग, शुक्रवारी बंद. म्हणून साळवे मास्तर प्रार्थना शुक्रवारी घ्यायचे. रविवारी त्या खडखडाटात देवालाही ऐकू यायचं नाही, असं तेच हसून म्हणायचे. नगरकडचे ख्रिस्ती पाळक, धुवट सदरा, भिवंडीलगतच्या शेलार गावात लूमच्या मागे एक खोली. माझा लूमचा एक गाळा तिथेच होता. गाळा बघून येतो असं घरी सांगायचं आणि मास्तरांच्या खोलीत मागच्या दाराशी बसायचं. भिवंडीच्या दंगलीला तीन-चार वर्षंच झाली होती, कोण कुठे बसतो याकडे सगळ्यांचं लक्ष. मास्तर योहानाचं शुभवर्तमान एकेक अध्याय करून सांगत होते. मला पटत होतं. नुसतं पटत नव्हतं — माझा विश्वास बसला होता.

बारावा अध्याय आला. येशूचं चारचौघांतलं काम इथे संपतं, मास्तर म्हणाले. यापुढे तो फक्त आपल्या माणसांशी बोलतो. आणि तिथेच लिहिलंय की बड्या अधिकाऱ्यांपैकीही पुष्कळांचा त्याच्यावर विश्वास बसला होता, पण सभास्थानातून काढतील म्हणून कुणी तोंड उघडलं नाही. देवापेक्षा माणसांची वाहवा त्यांना गोड लागली. म्हणजे वाळीत टाकतील ही भीती, असं मास्तरांनी समजावलं. वाळीत टाकणं काय असतं, हे पंचाला कुणी समजवायला हवं का? दोन घरं मी स्वतः टाकली होती.

त्याच सुमारास आई अंथरुणाला खिळली. सारखी तळमळ, डोळ्याला डोळा नाही. मीच मास्तरांना घरी बोलावलं — मीच. दुपारी, बायको शेतावर आणि गाव जेवून आडवं झाल्यावर. ते उशाशी बसून वाचायचे आणि आईचा डोळा लागायचा. तिसऱ्या खेपेला कुणीतरी पाहिलं.

देवळासमोर गावकी बसली. पाद्री न बोलावता घरात घुसतो, म्हाताऱ्या माणसांना बाटवतो, असा ठपका. मास्तर जमिनीवर, मी पंचांच्या रांगेत. थोरले पंच माझ्याकडे वळले.

"तुझ्या घरान शिरला व्हता. तू बोलवलास का त्याला?"

एवढंच. हो किंवा नाही. किती सोपं होतं!

"न्हाय," मी म्हटलं. "मी भिवंडीला व्हतो. मना काय ठावं?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर लोकांना कळलं असतं — म्हणूनच नाही पाहिलं, हे मला तिथल्या तिथे समजलं. आणि मला काय वाटलं? सुटलो, असं वाटलं. शेलारच्या खोलीमालकालाही खोली रिकामी करून घ्यायचा निरोप गेला. चार दिवसांत मास्तर सामान घेऊन निघून गेले, कुठे ते मी विचारलं नाही.

इथवर नुसता भित्रेपणा. पण पुढचं —

आई दाराकडे बघत पडायची. "मास्तर आलं न्हाय?" रोज तेच. शेजारी ऐकतील म्हणून माझा जीव टांगणीला. शेवटी एका दुपारी मी तिला म्हटलं, "गेलं ते गाव सोडून. तुझी आठवन बी न्हाय काढली."

त्यानंतर तिने विचारलं नाही. भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. वीस दिवस जगली. झोप म्हणावी अशी झोप तिला पुन्हा लागली नाही.

तेराव्याला सगळं गाव जेवलं. हात धुता धुता थोरले पंच सर्वांसमोर म्हणाले, असा मुलगा पोटी यायला नशीब लागतं. मी मान खाली घालून उभा होतो. आणि मला ते ऐकून बरं वाटलं.