गेलेल्या प्रिंटरचा प्रोग्राम

कॉम्प्युटर फारच रेंगाळायला लागला म्हणून आज टास्क मॅनेजर उघडला. आपण समोर साधं एक पत्र लिहीत असतो आणि पडद्यामागे ही एवढी मंडळी राबत असतात! कुणी घड्याळ जुळवतंय, कुणी व्हायरसवर पहारा देतंय. त्यांत एक नाव ओळखीचं निघालं. आमच्या जुन्या प्रिंटरचा प्रोग्राम. प्रिंटर केव्हाच भंगारात गेला, पण तो जोडलाय का, हे हा वेडा अजूनही थोड्या थोड्या वेळानं डोकावून पाहतो.

बायको चहा घेऊन येत होती. तिला मी हसत हसत हे सांगितलं.

"अहो, मग काढून टाका ना. जे नाहीच त्याच्यासाठी कशाला राबवायचं मेल्याला?" असं म्हणत तिनं उंबऱ्याशी पाऊल चांगलं लांब टाकलं.

तिथं आमचा कुत्रा, भुऱ्या, आडवा पसरलेला असायचा. तो गेला त्याला वर्ष होऊन गेलं. आता तिथं नुसती फरशी आहे. पायांना मात्र अजून कुणी कळवलेलं नाही. तिच्याही आणि माझ्याही.

मी माउसवरचा हात काढून घेतला आणि कप धरला.