उपदेशाचा नवा माल

दुकानात जुना माल साचतो, तसे डोक्यात किस्से साचतात. फरक एवढाच, की किस्से सेलमध्ये काढावे लागत नाहीत. चहाचा पहिला घोट पोटात गेला की आपोआप बाहेर येतात!

माझं बनारसला दुर्गाघाटाच्या गल्लीत भांड्यांचं दुकान आहे. वडील नगरहून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले, मी पितळ-स्टीलमध्ये शिरलो. आम्ही ख्रिस्ती. इथे मराठी ख्रिस्ती कुटुंबं जेमतेम हाताच्या बोटांवर. महिन्यातून एका रविवारी दुपारी हिंदी चर्चच्या मागच्या खोलीत आमची मराठी उपासना होते. पाळक परवडत नाही, म्हणून उपदेश मी करतो. बायबल कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, पण गिऱ्हाईक जांभई कधी देणार हे मला आधी कळतं!

यंदा चर्चचे पाद्रीसाहेब म्हणाले, "सेठजी, वो कमरा जवान लोग गिटार के लिए माँग रहे हैं। आपकी उपासना में कुछ जान हो तो रखिए। बड़े दिन तक देखता हूँ।"

म्हणजे नाताळपर्यंत काहीतरी नवीन करून दाखवायचं, नाहीतर खोली गेली आणि मराठी उपासनाही गेली. मी कामाला लागलो.

*

आधी बायबलमधली, न्यायाधीशाच्या दारात रोज जाऊन न्याय मागणारी विधवा घेतली. जोशात सांगितलं, "मागत राहा! नाही म्हटलं तरी हलू नका!"

सोमवारी सकाळी सुलोचनाबाई दुकानात हजर. या रिटायर्ड मेट्रन, आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ. पहिल्या रांगेत बसतात आणि नाडी तपासावी तसा माझा उपदेश ऐकतात. त्यांनी एक कढई उचलली आणि निम्मा भाव सांगितला.

"बाई, नाही परवडत."

त्यांनी स्टूल ओढलं, पिशवीतून विणकाम काढलं. "चालू द्या तुमचं, भाऊ. मी बसलेय."

जेवायला घरी जायच्या आधी मी कढई बांधून दिली!

*

मग वाटलं, लोकांना डोळ्यांना काही दिसायला हवं. विषय घेतला राग. शेगडीवर कुकर चढवला. मी "मनातली वाफ वेळीच सोडा" म्हणणार आणि तेवढ्यात शिट्टी होणार, असा बेत!

वाक्य झालं, शिट्टी नाही. मी काइन घेतला, शौल घेतला, योना घेतला. बायबलमधली सगळी रागीट माणसं संपली, कुकर आपला झाकणाच्या कडेने फुसफुसतोय.

सुलोचनाबाईंनी हात वर केला. "भाऊ, हा तुमच्याच दुकानातला का?"

"हो."

"मग माझा उद्या परत घेऊन येते."

*

मंगला गौरीच्या देवळाजवळ राहणारे एक गुरुजी माझं जुनं गिऱ्हाईक. ताम्हन घ्यायला आले होते, तेव्हा त्यांनाच विचारलं, "गुरुजी, वर्षानुवर्षं तुम्ही तीच सत्यनारायणाची कथा सांगता. लोक नवीन मागत नाहीत?"

"नवीन? अहो, एक अध्याय जरा आटोपता घेतला तर यजमान टोकतात!"

"मग कंटाळत कसे नाहीत?"

"शेठ, प्रसाद शेवटी असतो!"

पटलं! पुढच्या उपासनेला साजूक तुपातला शिरा जाहीर केला. गर्दी झाली, अगदी गिटारवाली पोरंसुद्धा आली. फक्त मी "आमेन" म्हणत होतो तेव्हा ती दारात चपला काढत होती!

*

मुलगी म्हणाली, "पापा, फोन से लिखवा लो ना. सगळे तेच करतात आजकाल."

मी फोनमधल्या एआयला सांगितलं, "क्षमेवर काळजाला भिडणारा उपदेश लिही. माझ्या आयुष्यातला एक प्रसंगही घाल." आयुष्य माझं, प्रसंग त्याचा! त्याने मला लहानपणीचा एक कुंभार मित्र दिला. मग फुटलेला घडा, अनेक वर्षांचा अबोला आणि शेवटी गळाभेट. सांगताना मीच रुमाल काढला. समोरचे मात्र सगळे छताकडे बघत होते.

बाहेर आल्यावर सुलोचनाबाई म्हणाल्या, "छान बोललात. पण भाऊ, सकाळी हिंदी उपासनेत हाच कुंभार पाद्रीसाहेबांच्या लहानपणी होता."

संध्याकाळी पाद्रीसाहेब भेटले. आम्ही एकमेकांना नमस्कार केला, दोघांनीही जमिनीकडे बघत!

*

डिसेंबर उजाडला. आता शेवटची संधी. ठरवलं, उपासना नावेत करायची! गंगेवर मन रमतं. शिवाय व्यापारी डोकं: मधूनच उठून कुणाला जाता येत नाही.

दुपारच्या कोवळ्या उन्हात ब्रह्माघाटावरून निघालो. निकाल द्यायला पाद्रीसाहेब जातीने आले. सकाळपासून दोन उपासना, एक बाप्तिस्मा आणि हॉस्पिटलची फेरी उरकून आले होते. नावेच्या मागच्या टोकाला बसले.

मी वादळाची गोष्ट घेतली होती. समुद्र खवळलाय, शिष्यांची गाळण उडालीय आणि प्रभू येशू नावेच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून शांत झोपलेत. मी उभा राहून लाटा उठवल्या, वारा सोडला!

नावाडी ओरडला, "सेठजी, बइठ के बोलीं, नाव डोलत बा!"

मग बसून वादळ केलं. शिष्यांच्या आवाजात किंचाळलो, "गुरू, आम्ही बुडतोय!"

मागून घोरणं ऐकू आलं.

पाद्रीसाहेब! सुलोचनाबाईंच्या शालीच्या घडीवर डोकं, तोंड उघडं. संपलं, गेली खोली! मी हळूच म्हणालो, "बाई, जरा हलवून उठवा हो त्यांना."

"गप्प बसा," बाई कुजबुजल्या. "या गोष्टीत उठवणाऱ्या शिष्यांनाच बोलणी बसलीत."

मी वादळ तिथेच सोडलं. नुसता वल्ह्यांचा आवाज येत राहिला. कुणीतरी हलक्या आवाजात एक मराठी गीत धरलं, बाकीचे गुणगुणायला लागले.

नाव घाटाला लागली, त्या धक्क्याने पाद्रीसाहेब जागे झाले. त्यांनी चष्मा सारखा केला, एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"सेठजी," ते म्हणाले, "कितने महीनों बाद ऐसा चैन मिला! कमरा आप ही रखिए।"

दोन पायऱ्या चढले आणि वळले.

"और अब मैं हर बार आऊँगा। बस, पीछे एक कुर्सी रखवा दीजिएगा... गद्देवाली!"