रत्नाचा सत्कार आणि साहेबांच्या मांडीवरचे नारळ

माझ्या नणंदेचा सत्कार मी इतका चोख आयोजित केला, की तिला त्यात एक शब्दही बोलता आला नाही.

रत्ना जन्मापासून बहिरी. बोलते ती हातांनी. वडसा भागातल्या बहिऱ्या बायकांसोबत ती कित्येक वर्षं दवाखान्यात जाते. त्यांना काय दुखतंय ते डॉक्टरांना कळत नाही आणि डॉक्टर काय विचारतात ते त्यांना कळत नाही. रत्ना मध्ये बसते, कागदावर लिहून एकाचं दुसऱ्याला पोचवते. या कामासाठी कर्णबधिरांच्या एका संस्थेनं नागपुरात तिला पुरस्कार दिला. मी लगेच जाहीर केलं, गावातही सत्कार झालाच पाहिजे.

रत्नानं मोबाइलवर लिहून दाखवलं, "आरोग्य खात्याचे साहेब येतील का? तरच."

तिला साहेबांकडून एकच गोष्ट हवी होती, सरकारी दवाखान्यात हातांची भाषा जाणणारा दुभाषी. साहेब वीस मिनिटांसाठी यायला कबूल झाले. रत्ना महिनाभर आरशासमोर भाषण बसवत होती. मी याद्या करत होते. बचत गट, भजनी मंडळ, नाटक मंडळ, राईस मिलवाले, पतसंस्था...

"इतके लोक काऊन बोलावून राह्यली?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"मग कोणाले नाई म्हणू?"

"रत्नाले विचारलं का?"

"सत्कार तिचा आहे. तिले काय विचारायचं?"

(हे वाक्य माझंच आहे. साक्षीदार अजून घरातच राहतात.)

कार्यक्रमात बचत गटानं शाल आणि नारळ दिला. भजनी मंडळानंही शाल आणि नारळ. पतसंस्थेनंही तेच. राईस मिलवाल्यांनी नारळासोबत पाच किलो तांदळाची थैली दिली. नाटक मंडळानं नारळ देऊन वर भिंतीवरचं भलंमोठं घड्याळ दिलं. एप्रिल महिना, अंगावर तीन शाली, आणि पंखा साहेबांकडे वळवलेला. शालींतून रत्नाचं फक्त नाक आणि डोळे दिसत होते.

"वैनी, त्याईले सांगा ना, नारळ फोटोत येऊन नाई राह्यले," फोटोग्राफर म्हणाला. मी खुणेनं तिला नारळ वर धरायला लावले.

मग माइकवर म्हणाले, "आता रत्नाताई दोन शब्द बोलतील."

रत्नानं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बोलायचे तिचे हात मीच दोन्हीकडून भरून टाकले होते. एखाद्याच्या तोंडात बोळा कोंबून पुढे माइक धरावा, तशातला प्रकार!

साहेबांनी मनगटाकडे पाहिलं. मी घाबरले, आणि घाबरले की मी बोलते.

"रत्नाला बोलता येत नाही, पण तिच्या वतीनं मी सर्वांचे आभार..."

नागपूरहून मुद्दाम आलेला दुभाषी अनिल स्टेजखाली उभा होता. त्यानं माझं वाक्य इमानदारीनं हातांनी करून दाखवलं. पहिल्या दोन रांगांत आरमोरीपासून सिरोंच्यापर्यंतची बहिरी मंडळी बसली होती. ती सगळी एकदम माझ्याकडे वळली.

रत्ना सरळ साहेबांकडे चालत गेली. एक नारळ त्यांच्या मांडीवर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा.

"अहो, हे काय करताय?"

"धरा साहेब, घरंगळते," मागून कोणीतरी म्हणालं.

पाचही नारळ साहेबांकडे गेले, थैली त्यांच्या पायांवर. घड्याळ आणि शाली माझ्याकडे आल्या. हात मोकळे झाले, आणि रत्ना बोलू लागली.

अनिल माइकवर सांगत होता, पण मी तिच्या हातांवरची नजर काढू शकले नाही. कुरखेड्याकडच्या एका बाईला बाळंतपणात टाके पडले. ते कशाचे, हे तीन दिवस तिला कोणी सांगितलं नाही. रत्नाच्या बोटांनी ते टाके एकेक करून हवेत घातले. सव्वीस वर्षं एका घरात राहून मी या बाईशी चहा, मीठ आणि गॅस बंद कर, एवढंच बोलले होते. तीच बाई आता नुसत्या दहा बोटांनी अख्खं सभागृह धरून उभी होती.

साहेबांची वीस मिनिटं कधीच संपली होती. पण पाच नारळ मांडीवर घेऊन माणूस उठणार कसा?

तिचं संपलं तेव्हा बहिऱ्या मंडळींनी दोन्ही हात वर करून हलवले. त्यांची टाळी अशीच असते. बघून बघून बाकीच्यांनीही हात वर केले, आणि सभागृह भरल्या धानाच्या शेतासारखं डोलू लागलं. फक्त साहेबांना आणि मला ते जमलं नाही.

"दुभाष्याची मागणी मी आजच वर पाठवतो," साहेब म्हणाले. "पण तो येईपर्यंत काय?"

अनिलनं रत्नाचं उत्तर सांगितलं, "तोवर मी नर्सबाईंना शिकवते. जागा तुम्ही द्या."

साहेबांनी नारळ शेजारच्याच्या मांडीवर लोटले आणि तिथंच वर्गाच्या जागेचा अर्ज लिहवून घेऊन त्यावर सही केली.

आता दर रविवारी दवाखान्यात रत्नाचा वर्ग भरतो. सव्वीस वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर मीही ऐटीत पहिल्या बाकावर जाऊन बसले. परवा परीक्षा झाली. झाडून सगळ्या नर्सबाई पास. माझ्या वहीत रत्नानं लाल शाईनं शेरा मारलाय, "हात बरे आहेत. तोंड बंद ठेवून पुन्हा बसावे."