प्रोग्रेसिव्ह रॉकचं मूळ, मुक्काम आरमोरी

नागपूरहून आरमोरीला लोक लग्नाला जातात, मयतीला जातात, धानाचा भाव बघायला जातात. आम्ही प्रोग्रेसिव्ह रॉकचं मूळ बघायला गेलो. म्हणजे मी गेले. नवरा, दिलीप, गाडी चालवायला आला होता.

ज्यांना हे संगीत ठाऊक नाही (आणि आमच्या बिल्डिंगमध्ये तरी कुणालाच ठाऊक नाही) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही पोरांना तीन मिनिटांच्या प्रेमगीतांचा कंटाळा आला. लहानपणी चर्चच्या कॉयरमध्ये गायलेलं, शाळेत शिकलेलं पाश्चात्त्य अभिजात संगीत, चोरून ऐकलेला जॅझ, गावाकडची लोकगीतं, सगळं त्यांनी एका पातेल्यात टाकलं आणि ढवळत बसले. एकेक गाणं वीस वीस मिनिटांचं झालं. रेकॉर्डची एक अख्खी बाजू, एक गाणं. त्याला म्हणायचं प्रोग्रेसिव्ह.

मी चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटच्या होस्टेलवर होते. बाबा कोळसा खाणीत कारकून. घरी बुद्धवंदना, शाळेत येशूची भजनं. मला दोन्ही चालीसकट पाठ. माझ्या खोलीतली मैत्रीण रोझी. तिच्या जहाजावरच्या भावाने एक रेकॉर्ड आणली होती. त्यातल्या लांबलचक गाण्याच्या मधोमध ऑर्गन सुरू झाला आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. ती चाल आमच्या संध्याकाळच्या प्रार्थनेची सख्खी बहीण होती. खात्री करायला आम्ही चॅपलमधल्या पायपेटीवर बसलो. रोझी बुटकी, तिचे पाय भात्याच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचायचे नाहीत. म्हणून एका बाकावर दोघी: हात तिचे, पाय माझे. पुढे तीन वर्षं हेच चाललं.

रोझी गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून मला ती पेटी घरी हवी होती.

पहिला दिवस नागपूर ते चंद्रपूर. रस्ता उत्तम, सकाळी लवकर निघा, जामच्या चौकात तर्री-पोहे खा. तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, वरून मागून घ्या, लाजू नका. गाडीत अर्थातच माझी गाणी.

"हे अजून तेच गाणं आहे?" दिलीपने विचारलं.

"तेच."

"बुटीबोरीला सुरू झालं होतं."

स्टिअरिंगवर ठेका धरायचा त्याचा प्रयत्न दर वेळी चुकत होता. मी म्हटलं, "सात मात्रा आहेत. रूपक धर."

"सरळ आठ मोजायला या लोकांना काय झालं होतं?"

प्रोग्रेसिव्ह रॉकवरची याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही.

शाळेच्या चॅपलमध्ये पायपेटीच्या जागी आता पाण्याचा फिल्टर आहे. थंड आणि गरम, दोन्ही. हल्लीच्या सिस्टरने प्रेमाने पाणी दिलं आणि सांगितलं, की ती पेटी फार पूर्वी आरमोरीच्या एका नाटक कंपनीने नेली. पाणी चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी मूल, सावली, मग वैनगंगा ओलांडून गडचिरोली आणि तिथून आरमोरी. रस्त्याकडेला वाघांच्या पाट्या, वाघ नाही. बांधांवर कापलेल्या धानाचे पुंजणे, म्हणजे ढीग. जेवायला खानावळीत तलावातल्या मासोळ्यांचा रस्सा आणि भात; दोघांचं तीनशेच्या आत झालं. या भागाला झाडीपट्टी म्हणतात; इथली नाटकं दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर चालतात. आमच्यासारखी दुखऱ्या गुडघ्यांची माणसं असाल तर दुपारची तालीम बघा.

त्या कंपनीची तालीम धानाच्या गोदामात होती. पेटी कोपऱ्यात, अंगावर हळदीकुंकू, खाली नारळाची शेंडी. हंगाम सुरू होताना तिची पूजा होते. स्वरपट्टीवरच्या ओढायच्या खुंट्यांवर लॅटिन नावं होती. त्यांच्यावर ऑइलपेंटने नाटकातल्या प्रसंगांप्रमाणे नवी लिहिलेली: लगीन. मरण. भूत. पाटील. मला वाटलं, लॅटिनपेक्षा हेच सोयीचं आहे.

कंपनीची मालकीण आणि नायिका शोभाबाई, पन्नाशी ओलांडलेली. वादक देवाजीभाऊ, मिशा काळ्या केलेल्या, गळ्यात रेशमी रुमाल.

"येवढ्या दुरून पेटी पाहाले आल्या?" शोभाबाईंनी विचारलं.

"विकत घ्यायला."

"मंग घेऊन जा ना बाई. कीबोर्ड आणला आमी. हे भाऊ पेटीवर बसले का उठतच नाई. हिरोईन ताटकळून म्हातारी होते."

देवाजीभाऊ दुखावले. "मांग मूलच्या प्रयोगाले दहा मिनिटं वाजवलं, लोकायनं टाळ्या नाई वाजवल्या काय?"

"वाजवल्या. तुमी थांबले म्हणून."

मग भाऊंनीच सांगितलं, की गुडघे गेलेत, डॉक्टर पाय मारू देत नाहीत, कीबोर्डला पाय लागत नाहीत. "पण त्याले श्वास नाई ना, बाई," ते म्हणाले. "वाजवून पाहा एकडाव. भाता फाटका निघाला त मांगून मले शिव्या द्यान."

"मला वाजवता येत नाही," मी म्हटलं.

दिलीपने माझ्याकडे पाहिलं. टेम्पोवाल्याशी त्याचं नुकतंच बोलणं झालं होतं. "अगं, मग आपण ही नेतोय कशासाठी?"

"मला पाय मारता येतात."

गोदामात कुणी हसलं नाही, हे त्यांचं मोठेपण. देवाजीभाऊ बाकावर एका बाजूला सरकले. मी बसले, पट्ट्या दाबल्या. भात्याने तो जुना, जरा धापेचा श्वास घेतला. भाऊंनी 'पाटील' खुंटी ओढली आणि वाजवायला लागले.

आमची संध्याकाळची प्रार्थना. सुरापासून सुरापर्यंत तीच, फक्त खालच्या पट्टीत, जड पावलांची.

"हे काय आहे?" मी पाय न थांबवता विचारलं.

"पाटलाची एन्ट्री. व्हिलन येते तवा. पेटी आणाले गेलो त एक सिस्टर चालू हाय म्हणून वाजवून दाखवून राह्यली होती. तेच उचललं. या एन्ट्रीले पूर्ण झाडीपट्टी शिट्ट्या मारते."

नन्सनी शुद्ध मनाने शिकवलेली चाल घ्यायची, तिच्यावर राक्षस नाचवायचा आणि लांबवायचं. इंग्लंडमधल्या पोरांनी याहून वेगळं काही केलं नव्हतं. फरक इतकाच, की त्यांच्यावर जाडजूड पुस्तकं निघाली.

भाऊ लांबवत होते. प्रार्थनेतून लावणीत गेले, लावणीतून 'भूत'मध्ये. मी पाय मारत होते. बाहेर पोती उचलणारे हमाल दारात येऊन उभे राहिले, एकाने शिट्टी घातली. शोभाबाई दिलीपला म्हणाल्या, "झालं. आता हे दोघं भेटले."

सूर संपला तेव्हा मी पेटी नेत नाही म्हणाले. माझ्या बैठकीच्या खोलीत तिला हवा मिळाली असती; बोटं कुणाची आणायची?

देवाजीभाऊ खाली बघून म्हणाले, "पण मंग माहे पाय?"

शोभाबाईंनी दारातल्या हमालांकडे पाहिलं. "मी मारीन पाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या अंकात मरते मी, मंग रिकामीच असते. पहिल्या अंकात वाजवा कीबोर्ड. पण आयका भाऊ, मी पाय उचलला का तुमचं वाजवणं खतम."

भाऊंनी रुमाल सारखा केला. "पाहू," म्हणाले.

प्रोग्रेसिव्ह रॉकच्या इतिहासात अशी शोभाबाई कुणाला भेटली असती, तर बरीच गाणी निम्मी झाली असती.

आम्ही ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेडवरून परतलो. जंगलाचा रस्ता सुंदर, उजेड असताना पार करा. टेम्पो रिकामाच परत गेला. दोन दिवस मांड्या दुखत होत्या. घरात पेटीसाठी मोकळी केलेली भिंत तशीच आहे, दिलीप म्हणतो तिथे बुककेस ठेवू, ठेवूही. मी मात्र शोभाबाईंच्या त्या अटीचाच विचार करते. पाय उचलला की वाजवणं संपतं, हे मला त्या तीन वर्षांत सुचलंच नव्हतं. प्रार्थनेची घंटा होऊन जायची, जेवण गार व्हायचं, रोझी वाजवत राहायची. आणि ती थांबेपर्यंत मी हवा देत राहायचे.